चरबी स्वादुपिंडाला काय सांगते?

पत्र

डॉक्टर, माझं वय ४४. वजन ७१ किलो, उंची १५८ सेंटिमीटर, कमरेचा घेर ९४. मागच्या महिन्यात तपासणी केली. उपाशीपोटी साखर १०८, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ६.० आणि उपाशीपोटी इन्सुलिन २३ आलं. आमचे डॉक्टर म्हणाले, डायबेटिसच्या उंबरठ्यावर आहात आणि इन्सुलिन जास्त आहे. माझा गोंधळ इथेच सुरू झाला. डायबेटिस म्हणजे इन्सुलिन कमी पडणं, असंच आजवर ऐकलं होतं. मग माझं जास्त कसं? त्यात नणंदेनं एक व्हिडिओ पाठवला. पोटावरच्या चरबीतून लेप्टिन नावाचं हार्मोन निघतं आणि ते स्वादुपिंड बंद पाडतं, असं त्यात सांगितलंय. शेवटी ‘लेप्टिन रीसेट’च्या गोळ्यांची जाहिरात आहे. लॅबवाले म्हणतात, लेप्टिन आणि ॲडिपोनेक्टिन दोन्ही तपासून घ्या. हे करू का? आणि चरबीच एवढी वाईट असेल तर लायपोसक्शन करून ती काढूनच टाकली तर? माझा थोरला भाऊ सडपातळ आहे, तरी त्याला ३९व्या वर्षी डायबेटिस झाला. त्याचं काय? बारावीपर्यंत विज्ञान शिकले आहे, जरा खोलात सांगितलंत तरी चालेल.

— एक वाचक

उत्तर

खोलात सांगायची परवानगी तुम्हीच दिलीत, त्यामुळे आता तक्रार करायची नाही.

आधी गोंधळाचं बघू. टाइप टू डायबेटिस होण्याआधी बहुतेकांच्या रक्तात इन्सुलिन वाढलेलंच असतं. यकृत आणि स्नायू इन्सुलिनला नीट दाद देईनासे झाले की स्वादुपिंडातल्या बीटा पेशी जास्त इन्सुलिन सोडून ती उणीव भरून काढतात. हे जमतं तोवर साखर नॉर्मल राहते आणि कोणाला पत्ताही लागत नाही. जमेनासं झालं की साखर चढू लागते. तुमची १०८ ही साखर सांगते की बीटा पेशी भरपूर काम करतायत, पण थोड्या कमी पडायला लागल्या आहेत. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासातला अंदाज असा, की डायबेटिसचं निदान होतं तेव्हा बीटा पेशींची क्षमता निम्म्यावर आलेली असते. तुमचं निदान अजून झालेलं नाही, आणि तुमच्या पत्रातली ही सगळ्यात चांगली गोष्ट आहे.

त्या २३ आकड्याबद्दल एक खुलासा. स्वादुपिंडातून निघालेलं इन्सुलिन आधी थेट यकृतात जातं आणि त्यातलं साधारण निम्मं यकृतच संपवून टाकतं. उरलेलं हातातल्या शिरेपर्यंत पोचतं आणि तुमच्या रिपोर्टात दिसतं. यकृतात चरबी साठलेली असेल तर ही विल्हेवाट मंदावते. म्हणजे २३मधला काही भाग जास्त स्रावाचा आणि काही भाग यकृताच्या आळसाचा असू शकतो. शिवाय इन्सुलिन मोजण्याच्या पद्धती लॅबगणिक वेगळ्या असतात. एका लॅबच्या २३ची दुसऱ्या लॅबच्या १७शी तुलना करून आनंद मानू नका, आणि दुःखही.

आता व्हिडिओकडे वळू. तो खरा की खोटा हे कळायला बीटा पेशी इन्सुलिन सोडते कसं, एवढं माहीत हवं. पाउल लांगरहान्स या जर्मन विद्यार्थ्यानं १८६९मध्ये स्वादुपिंडात पेशींचे वेगळेच पुंजके पाहिले. प्रौढ माणसात असे सुमारे दहा लाख पुंजके असतात, तरी त्यांचं एकूण वजन स्वादुपिंडाच्या एक-दोन टक्केच भरतं. बीटा पेशी त्यांच्यातच असतात. रक्तातलं ग्लुकोज बीटा पेशीत शिरतं, तिथे जळतं आणि त्यातून एटीपी ही ऊर्जा तयार होते. पेशीच्या आवरणावर पोटॅशियम बाहेर जाण्याच्या वाटा असतात. एटीपी वाढला की त्या बंद होतात. त्यामुळे आवरणावरचा विद्युतभार बदलतो, कॅल्शियमच्या वाटा उघडतात, कॅल्शियम आत घुसतं आणि इन्सुलिन भरलेल्या बारीक पुटिका बाहेर रिकाम्या होतात. एकेका बीटा पेशीत अशा दहा हजारांच्या आसपास पुटिका असतात. यातली पोटॅशियमची वाट लक्षात ठेवा. लेप्टिनचा हात तिथेच पोचतो.

चरबी म्हणजे नुसती साठवण, असं शास्त्रज्ञही बराच काळ धरून चालले होते. मग १९८७मध्ये मेदपेशींतून रक्तात सोडलं जाणारं ॲडिप्सिन नावाचं प्रथिन सापडलं. तेव्हा त्याची फारशी चर्चा झाली नाही. चर्चा झाली १९९४मध्ये, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटानं लेप्टिनचं जनुक शोधलं तेव्हा. या शोधामागे अमेरिकेतल्या जॅक्सन लॅबोरेटरीचे उंदीर होते. १९४९च्या सुमाराला तिथे एका जातीच्या उंदरांत काही पिल्लं विलक्षण लठ्ठ निघाली. पुढे तिथल्याच डग्लस कोलमन यांनी लठ्ठ आणि साध्या उंदरांचं रक्ताभिसरण शस्त्रक्रियेनं जोडून पाहिलं. साध्या उंदराशी जोडलेला लठ्ठ उंदीर कमी खायला लागला. म्हणजे साध्या उंदराच्या रक्तात भूक आवरणारं काहीतरी होतं आणि लठ्ठाकडे ते नव्हतं. ते काहीतरी म्हणजे लेप्टिन, आणि ते चरबीतूनच येतं.

या उंदरांबद्दल बोलताना सगळे भुकेवर थांबतात. तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे ते त्यांचं इन्सुलिन. लेप्टिन नसलेल्या या उंदरांत इन्सुलिन भरमसाट असतं आणि स्वादुपिंडातले पुंजके सुजल्यासारखे मोठे झालेले असतात. त्यांना लेप्टिन टोचलं की वजन उतरायच्या आधीच इन्सुलिन खाली येतं. बीटा पेशींवर लेप्टिनचे ग्राहक, म्हणजे त्याचा निरोप झेलणारी प्रथिनं (रिसेप्टर), असतात. लेप्टिन तिथे जोडलं गेलं की पोटॅशियमच्या वाटा उघड्या राहतात, पेशी उत्तेजित व्हायला तयार होत नाही आणि पुटिका आतच राहतात. शिवाय पेशीच्या आत इन्सुलिनचा स्राव वाढवणारा सीएएमपी नावाचा रेणू असतो, लेप्टिन त्यालाही कमी करतं. मेंदूमार्फत, मज्जातंतूंच्या वाटेनंही लेप्टिन स्वादुपिंडाला आवरतं.

दुसऱ्या बाजूनं इन्सुलिन मेदपेशींना लेप्टिन वाढवायला सांगतं. मला ही व्यवस्था फार शहाणपणाची वाटते. इन्सुलिनचं एक काम चरबी साठवण्याचं. साठा पुरेसा झाला की साठाच उलट निरोप पाठवतो, आता जरा सबुरीनं घ्या.

म्हणजे व्हिडिओतली अर्धी गोष्ट खरी आहे. लेप्टिन इन्सुलिनला लगाम घालतं. पण ‘बंद पाडतं’ हे कुठून आलं? लेप्टिननं तुमचं स्वादुपिंड बंद पाडलं असतं तर उपाशीपोटी इन्सुलिन कमी यायला हवं होतं. ते २३ आलंय. व्हिडिओचं खंडन तुमच्याच रिपोर्टात आहे. तुमच्या वजनाला लेप्टिन बहुधा वाढलेलं असेल, इन्सुलिनही वाढलंय, आणि दोन्ही एकाच वेळी वाढलेली राहतात याचा अर्थ लगाम लागत नाहीये. लठ्ठपणात मेंदू लेप्टिनला नीट दाद देत नाही हे पक्कं ठाऊक आहे. बीटा पेशीही देत नसाव्यात, असा कयास आहे. इथे शास्त्रज्ञांत एकमत नाही, हे सांगायलाच हवं. उंदरांच्या बीटा पेशींवरचे लेप्टिनचे ग्राहक काढून टाकल्यावर एका प्रयोगात इन्सुलिन बिघडलं, दुसऱ्यात फारसा फरकच पडला नाही. थेट परिणाम किती आणि मेंदूमार्फत किती, हा वाद अजून चालू आहे. व्हिडिओवाल्यांपर्यंत तो पोचलेला दिसत नाही.

चरबीतून लेप्टिन एकटंच निघत नाही. मघाशी उल्लेख केलेलं ॲडिप्सिन नेमकं उलटं काम करतं. आपल्या रोगप्रतिकार यंत्रणेत ‘कॉम्प्लिमेंट’ नावाची प्रथिनांची एक साखळी आहे. ॲडिप्सिन हा तिचाच एक दुवा निघाला. त्याच्यामुळे सीथ्रीए नावाचा छोटा तुकडा तयार होतो, तो बीटा पेशीवरच्या आपल्या ग्राहकाला चिकटतो आणि ग्लुकोज आलं की इन्सुलिन जास्त सुटतं. २०१४मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा मला त्यातली एक गोष्ट विशेष वाटली. ज्या टाइप टू रुग्णांच्या बीटा पेशी थकल्या होत्या, त्यांच्या रक्तात ॲडिप्सिन कमी आढळलं. म्हणजे चरबीकडून मिळणारा पाठिंबाच आटल्यासारखा. पाच वर्षांनी आलेल्या कामात दिसलं की ॲडिप्सिन जास्त असणाऱ्यांना पुढे डायबेटिस होण्याचा धोका कमी असतो, आणि उंदरांत ते बीटा पेशींना टिकवूनही धरतं.

तिसरं ॲडिपोनेक्टिन. याची तऱ्हा न्यारी. चरबीतूनच येतं, पण चरबी वाढली की हे कमी होतं. रक्तातलं त्याचं प्रमाणही अवाढव्य असतं, लेप्टिन नॅनोग्रॅममध्ये मोजतात आणि हे मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे साधारण हजारपट. यकृत आणि स्नायूंना इन्सुलिनचं ऐकायला लावणं हे याचं मुख्य काम. बीटा पेशींवरही याचे ग्राहक आहेत. इन्सुलिनचा स्राव ते थेट वाढवतं का, यावर निष्कर्ष उलटसुलट आहेत. पण बीटा पेशी मरू न देण्यातला त्याचा वाटा उंदरांत चांगला दिसलाय. जास्तीच्या चरबीतून पेशीत सेरामाइड नावाचे घातक पदार्थ साठतात. ॲडिपोनेक्टिन ते मोडून काढायला मदत करतं.

रेझिस्टिन, टीएनएफ-अल्फा, आयएल-६ ही नावंही तुम्हाला वाचायला मिळतील. फुगलेल्या चरबीत रोगप्रतिकारक पेशी शिरतात आणि हे दाहकारी पदार्थ बरेचसे तिथून येतात. यातही सरळ हिशेब नाही. आयएल-६ दाहाचं म्हणून बदनाम, पण उंदरांत तेच आतड्यातून जीएलपी-वन हे इन्सुलिन वाढवणारं हार्मोन वाढवून इन्सुलिनला मदत करताना दिसलं. यांच्यात फार शिरू नका.

शिरायचंच असेल तर फॅटी ॲसिडमध्ये, म्हणजे चरबी मोडून रक्तात येणाऱ्या घटकांत, शिरा. ती हार्मोन नव्हेत, पण चरबीकडून स्वादुपिंडाला जे काही मिळतं त्यात त्यांचा वाटा मोठा आहे आणि तुमच्या घरच्या इतिहासाशी त्यांचा थेट संबंध येतो. बीटा पेशीला फॅटी ॲसिड लागतात. दीर्घ उपवासानंतर औषधानं रक्तातली फॅटी ॲसिड खाली आणली तर ग्लुकोज देऊनही इन्सुलिन नीट सुटत नाही, आणि ती परत दिली की सुटतं. थोड्या वेळापुरती फॅटी ॲसिड वाढली तर इन्सुलिन वाढतंच. गणित बिघडतं ते सततच्या माऱ्यानं.

२००३मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी बऱ्याच जणांना सांगतो. डायबेटिस नसलेल्या निरोगी लोकांचे दोन गट घेतले. एका गटातल्यांच्या घरात टाइप टू डायबेटिस होता, दुसऱ्यातल्यांच्या नव्हता. सगळ्यांना शिरेतून चार दिवस चरबीचं द्रावण दिलं. घरात डायबेटिस नसलेल्यांच्या बीटा पेशींनी इन्सुलिन वाढवून ते निभावून नेलं. घरात डायबेटिस असलेल्यांचा इन्सुलिनचा स्राव मात्र कमी झाला. चरबी दोघांना सारखीच मिळाली. फरक होता तो ती सोसणाऱ्या बीटा पेशींत. तुम्हाला सख्ख्या भावाचा डायबेटिस आहे. म्हणून तुमच्याच वजनाच्या एखाद्या मैत्रिणीला जे खपून जाईल ते तुम्हाला खपेल असं धरू नका.

मग चरबी वाईटच ना? इथे मला तुम्हाला जरा अडवायचंय. लायपोडिस्ट्रॉफी नावाचा दुर्मीळ आजार आहे. त्याच्या तीव्र प्रकारात शरीरावर चरबी जवळपास नसतेच. या लोकांना ठणठणीत असायला हवं होतं. प्रत्यक्षात त्यांना तीव्र डायबेटिस होतो, यकृतात चरबी भरते, रक्तातली ट्रायग्लिसराइड्स नावाची चरबी आकाशाला भिडते. चरबीच नाही म्हणून लेप्टिन नाही, ॲडिपोनेक्टिन नाही आणि खाल्लेलं साठवायला जागाही नाही. अशाच बिनचरबीच्या उंदरांत निरोगी उंदरांची चरबी रोवली तर त्यांचा डायबेटिस हटला. उलट टोकालाही एक उदाहरण आहे. लेप्टिन नसलेल्या लठ्ठ उंदरांत जनुकीय बदल करून ॲडिपोनेक्टिन वाढवलं, तर ते आणखी प्रचंड लठ्ठ झाले, पण त्यांची साखर सुधारली. जादा चरबी कातडीखाली, मेदपेशींत जाऊन बसली आणि यकृत मोकळं झालं. पायोग्लिटाझोन हे डायबेटिसचं जुनं औषध थोडंफार असंच वागतं. वजन वाढवतं, ॲडिपोनेक्टिनही वाढवतं आणि साखर कमी करतं.

कोठार धड असेल तर धान्य कितीही असो, ते उंदीर-पावसापासून वाचतं. कोठार भरून पोती अंगणात यायला लागली की नासाडी सुरू होते. कातडीखालच्या मेदपेशींची साठवण्याची ताकद प्रत्येकाची वेगळी असते. ती संपली की चरबी यकृतात, स्नायूंत, स्वादुपिंडात जाऊन बसते. आणि तट्ट फुगलेल्या मेदपेशींचे निरोपही बिघडतात, ॲडिपोनेक्टिन घटतं, फॅटी ॲसिड गळत राहतात, लेप्टिनचा कंठशोष चालतो पण ऐकणारं कोणी नसतं. तुमच्या कमरेचा ९४चा घेर मला ७१ किलोंपेक्षा जास्त बोलका वाटतो तो यामुळे.

लायपोसक्शनचं उत्तर यातच आलं. तरी सांगतो, कारण हे प्रत्यक्ष करून पाहिलेलं आहे. २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १५ लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरची कातडीखालची सुमारे दहा किलो चरबी लायपोसक्शननं काढली. वजन उतरलं, लेप्टिनही उतरलं. तीन महिन्यांनी मोजलं तर इन्सुलिनला दाद देण्यात फरक शून्य. रक्तदाब, साखर, ट्रायग्लिसराइड्स सगळं जिथल्या तिथे. काढली ती त्यातल्या त्यात निरुपद्रवी चरबी. यकृतातली आणि आतड्यांभोवतीची तशीच राहिली. ब्लाउज सैल होण्यासाठी करायचं तर तो तुमचा निर्णय, डायबेटिस टाळायला करू नका.

गोळ्या घेऊ नका. लेप्टिन हे प्रथिन आहे. तोंडावाटे घेतलं तर जठरात बाकीच्या प्रथिनांसारखंच पचून जाईल. त्यामुळे त्या गोळीत लेप्टिन असलं काय अन् नसलं काय. खरं लेप्टिन औषध म्हणून आहे, मेट्रेलेप्टिन या नावानं, २०१४मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, पण ते इंजेक्शन आहे आणि लायपोडिस्ट्रॉफीसाठी आहे. जन्मतःच लेप्टिन तयार न होणाऱ्या मोजक्या मुलांवर लेप्टिनच्या इंजेक्शनांचा आश्चर्यकारक परिणाम झाला होता. साध्या लठ्ठपणात आधीच लेप्टिन भरपूर असतं. तिथे वरून टोचून फारसं काही हाती लागलं नाही. १९९९च्या सुमाराला मोठ्या आशेनं चाचण्या झाल्या, आणि आशा विरली.

तपासणीचं म्हणाल तर लेप्टिन आणि ॲडिपोनेक्टिन मोजून उपचारात काहीही बदलणार नाही. लेप्टिन जास्त आलं तर मी सांगेन वजन उतरवा. नॉर्मल आलं तरी सांगेन वजन उतरवा. ते पैसे लिपिड प्रोफाइल, यकृताच्या तपासण्या आणि पोटाच्या सोनोग्राफीवर घाला. ट्रायग्लिसराइड्स आणि यकृतातली चरबी तुमच्या चरबीचा ओघ कुठे चाललाय ते लेप्टिनच्या आकड्यापेक्षा चांगलं दाखवतील. रक्तदाबही बघून घ्या. तिशीपासून वजन कसं वाढत गेलं, झोपेत घोरता का, मासिक पाळी नियमित आहे का, हे सगळं तुमच्या डॉक्टरांना सांगा. तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत म्हणून विचारतोय.

करायचं काय, ते फार गूढ नाही. अमेरिकेतला डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम हा अभ्यास २००२मध्ये प्रसिद्ध झाला. तुमच्यासारख्याच, उंबरठ्यावरच्या तीन हजारांहून जास्त लोकांवर तो झाला. वजनात सात टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम हे ज्यांचं लक्ष्य होतं, त्यांच्यात डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. मेटफॉर्मिन हे डायबेटिसचं औषध घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. तुमच्या बाबतीत सात टक्के म्हणजे पाच किलो. बारीक व्हायला नाही सांगत, ७१चे ६६ करायला सांगतोय. चालण्याबरोबर आठवड्यातून दोनतीनदा वजनं उचलण्याचा किंवा रबरबँडचा व्यायाम ठेवा, कारण खाल्लेल्या ग्लुकोजचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक स्नायू आहेत. त्यांनी उचल वाढवली की बीटा पेशींवरचा बोजा हलका होतो.

हे स्वादुपिंडापर्यंत खरंच पोचतं का? पोचतं. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलमध्ये रॉय टेलर यांच्या गटानं डायबेटिस असलेल्या थोड्या रुग्णांना आठ आठवडे अगदी कमी उष्मांकांवर ठेवलं. पहिल्या आठवड्यातच यकृतातली चरबी उतरली आणि उपाशीपोटीची साखर ताळ्यावर आली. स्वादुपिंडातली चरबी सावकाश, आठवड्यांमागून आठवडे उतरत गेली. ग्लुकोज मिळाल्याबरोबर पहिल्या काही मिनिटांत इन्सुलिनची जी उसळी यायला हवी आणि डायबेटिसमध्ये जी सगळ्यात आधी हरवते, ती हळूहळू परत आली. पुढे डायरेक्ट या मोठ्या अभ्यासात, निदान होऊन सहा वर्षं उलटायच्या आत वजन उतरवण्याच्या कार्यक्रमात असलेल्यांपैकी ४६ टक्के लोक वर्षाअखेर औषधांविना डायबेटिसमधून बाहेर होते. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त उतरवले त्यांच्यात ८६ टक्के. आजार जितका जुना तितकं हे अवघड होत जातं. न्यूकॅसलचा आहार मात्र घरी परस्पर सुरू करू नका, तो देखरेखीखालीच करायचा असतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे वाटेत धीर सुटणार नाही. वजन उतरायला लागलं की लेप्टिन वजनाच्या मानानं जास्तच झपाट्यानं घसरतं. मेंदूला वाटतं दुष्काळ पडला, म्हणून भूक वाढते आणि शरीर ऊर्जा राखून वापरायला लागतं. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वजन उतरवल्यानंतर वर्षभरानंही भुकेची ही हार्मोन्स मूळपदावर आलेली नव्हती. तिसऱ्या महिन्यात भुकेनं जीव कासावीस झाला तर स्वतःला बोल लावत बसू नका, खाण्यातली प्रथिनं आणि तंतू वाढवा आणि घट थोडी मंद करा. सहा महिन्यांत काहीच हललं नाही तर मेटफॉर्मिन किंवा जीएलपी-वन गटातल्या औषधांबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणानं बोला. औषध घेणं म्हणजे हरणं, असं काही मनात असेल तर ते काढून टाका. एचबीएवनसी सहा महिन्यांनी पुन्हा करा. इन्सुलिन पुन्हा मोजायची गरज नाही. मधल्या काळात प्रयत्न न करता वजन घटायला लागलं, तहान किंवा लघवी वाढली, तर मात्र सहा महिने थांबू नका.

आता भाऊ. सडपातळ माणसाच्या चरबीबद्दल डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. २००४मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात चित्तरंजन याज्ञिक आणि जॉन युडकिन या दोन डॉक्टरांनी स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, नेमका सारखा, २२.३. शरीरातल्या चरबीचं प्रमाण युडकिन यांचं ९.१ टक्के, याज्ञिकांचं २१.२. तुमच्या भावाची कातडीखालची साठवण लहान असेल, तर थोडक्या जादा चरबीनंही त्याचं यकृत आणि स्वादुपिंड भरू शकतं. पण ३९व्या वर्षी सडपातळ माणसाला डायबेटिस झाला की मी आधी दुसरीच शक्यता तपासतो. प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच बीटा पेशी हळूहळू मारत असते, तो टाइप वनचा संथ प्रकार. त्यात चरबीचा काही दोष नसतो आणि वजन उतरवण्याचा सल्ला चुकीचा ठरतो. त्याच्या डॉक्टरांना जीएडी अँटिबॉडी (प्रतिकारयंत्रणेचा हा हल्ला दाखवणारी) आणि सी-पेप्टाइड या दोन तपासण्या झाल्यात का ते त्याला विचारायला सांगा. बीटा पेशी इन्सुलिनबरोबर तेवढंच सी-पेप्टाइड सोडतात आणि यकृत ते इन्सुलिनसारखं अडवत नाही, त्यामुळे स्वादुपिंडात खरोखर किती जीव उरलाय ते त्यावरून नीट कळतं. तो इन्सुलिन घेत असेल तर हे वाचून परस्पर बंद करायचं नाही, हेही त्याला बजावा.